जसिंता, मुलं कोणाकडे?

जसिंता, तुझ्या एलूला वाटत होतं की तू धावायला गेली आहेस.

तिला हे कोणी मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. त्या सकाळी तुला तापात रिक्षात बसवताना दाराशी जे हाताला लागले ते तुझे धावायचे बूट होते आणि तेच तू पायात सरकवलेस. एलूने ओट्यावरून पाहिलं. मम्मीच्या पायात बूट म्हणजे मम्मी धावायला, हे तिचं चार वर्षांच्या अनुभवाचं शास्त्र. संध्याकाळी तिने आजीला विचारलं, "मम्मी अजून धावते?" आणि तुझी सासू, जी चहात साखर किती घातली याबद्दलही कधी खोटं बोलली नसेल, ती म्हणाली, "हां बाय, धावते." तेव्हा तू हॉस्पिटलात होतीस. आजीला वाटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. डेंग्यूने धडधाकट माणूस आठवड्यात जातो हे पेपरात वाचायचं असतं, स्वतःच्या माणसाच्या बाबतीत ते खरं असेल असं कुणाला वाटतं?

तू गेलीस आणि मग ते खोटं मागे घ्यायला कोणीच पुढे आलं नाही. तुझा रेमंड जहाजावरून मिळेल त्या विमानाने आला, तो तुझ्याकडे बघेल की पोरीला समजावेल? दफनाच्या दिवशी एलूला आम्ही माझ्या फ्लॅटवर ठेवलं. माझा नवरा आणि माझी ओवी तिच्याबरोबर कार्टून बघत बसले. "लहान आहे, घाबरेल," असं मीच म्हणाले होते. तुझा जोएल नऊ वर्षांचा, त्याला सगळं माहीत आहे. त्याने शवपेटीवर माती टाकली आणि तेव्हापासून तो कामापुरतं बोलतो. एलू मात्र रोज सकाळी दात घासले की वाडीच्या फाटकापाशी जाऊन उभी राहायची. आजी सांगत होत्या, परवा तिने फाटकाची कडी काढून ठेवली, तू हातातली पाण्याची बाटली सांभाळत ती काढायला वैतागतेस म्हणून.

सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर चर्चच्या अंगणात एका बाईने माझा हात धरला. "तुम्हीच ना त्या? जसिंताबरोबर धावायच्या?" मी मान हलवली. काय सांगणार होते तिला? एक वेळ सोडली तर आपण कधी बरोबर धावलोच नाही. भुईगावात आणि वसईच्या माझ्या बिल्डिंगमध्ये सगळे आपल्याला रनिंग पार्टनर म्हणायचे, आणि तू पळत असताना मागून कशी दिसतेस हे मला नीटसं ठाऊकही नाही. तू येताना दिसायचीस, लाल तोंड घेऊन, फाटकातून आत शिरताना. तू गेलीस की मी मुलांजवळ, मी गेले की तू मुलांजवळ. दोघींना एकदम बाहेर पडायचं तर चार पोरं कोणाच्या गळ्यात बांधायची?

आपली गाठ तरी कशी पडली! शाळेच्या क्रीडादिनाला आयांची शर्यत असते. बाकीच्या आया ओढण्या सावरत, खिदळत, फोटोपुरतं धावतात. आपण दोघी एकमेकींना ओळखतही नव्हतो आणि जीव खाऊन धावलो. पोरं टाळ्या वाजवायची थांबून बघत राहिली. बक्षिसाचा डबा तुला मिळाला. मी तिथेच मैदानावर तुझ्याशी भांडले, तू रेषेच्या पुढे पाय ठेवून उभी होतीस म्हणून. तू पदर खोचत म्हणालीस, "मग परत पळू या का? आत्ता? चल." पुढच्या आठवड्यात तो डबा वाडीतली केळी सुकवून केलेल्या सुकेळ्यांनी भरून तू माझ्या तन्मयच्या हाती पाठवलास. सुकेळी मी खाल्ली, पण डबा माझा होता हे मी अजून सोडलेलं नाही.

तुला मी तेव्हा सांगितलं नव्हतं की त्या शर्यतीच्या आधी दोन वर्षं मी बाथरूमचा नळ सोडून आत रडायचे. ओवीच्या वेळचं बाळंतपण, तन्मय तीन वर्षांचा, नवऱ्याच्या शिफ्ट, आणि दिवसभर "आई, आई, आई". डॉक्टर म्हणाले चाला. मी चालता चालता धावायला लागले, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, ओवी तीनचाकीवर मागून, वॉचमन मोजायचा आणि चुकायचा. तुझी तऱ्हा वेगळी पण अडचण तीच. रेमंड निम्मं वर्ष समुद्रावर, सासू पहाटे सोनचाफा काढून बाजारात, तुला पतपेढीत हजेरी, आणि मधे दोन पोरं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. आपल्यात हरी कोण आणि गाढव कोण, यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

तर शनिवार ठरला, कारण रविवारी तुमचा मिस्सा आणि जोएलचा धर्मशिक्षणाचा वर्ग. मी स्कूटरवर दोन अर्धवट झोपलेली पोरं घालून तुझ्या वाडीत यायचे. आधी एकजण जायची. फाटकातून निघून क्रुसापर्यंत, तिथून सुरूच्या झाडांतून समुद्रावर, ओहोटी असली तर कडक वाळूवरून लांबपर्यंत, आणि परत. दुसरी ओट्यावर चार पोरांत. परत आलेलीच्या हातावर दुसरीने टाळी द्यायची आणि म्हणायचं, "मुलं तुझी." मग एका दमात सगळा कारभार सांगायचा. एलूने दूध प्यायलंय, जोएलचं नाक वाहतंय, तन्मयला बावखलाकडे फिरकू देऊ नको. वाडीतलं ते शिंपणाच्या पाण्याचं उघडं तळं, त्याची तुला सवय होती, मला मात्र सदानकदा त्याचीच भीती.

मी धावायला बाहेर पडले आणि मागून ओवी ओरडली, "आई, शी!" असं किती वेळा झालं असेल! तू तिथूनच हाताने मला हाकलायचीस. "जा तू. शीच आहे, भूकंप नाही."

आणि तो एक दिवस. तो मी कुणाला सांगितलेला नाही, माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. त्या दिवशी मला उशीर झाला होता. मी आले, पोरांना ओट्यावर सोडलं. स्वयंपाकघरात मिक्सर फिरत होता, म्हणजे तू आत आहेस. मी दारातून ओरडले, "जसिंता, मुलं तुझी!" आणि सुटले. इकडे तू मागच्या बाजूला बुटांच्या नाड्या बांधत होतीस. माझी स्कूटर वाजली, तू तिथूनच ओरडलीस, "मेघा, मुलं तुझी!" आणि मागच्या वाटेने समुद्राकडे गेलीस. मिक्सर आजीने लावला होता, आणि वाटण काढून त्या शेजारी निघून गेल्या होत्या.

समुद्रावर तू मला समोरून दिसलीस. आपण कधी असं समोरासमोर धावत आलो नव्हतो. केवढा आनंद झाला मला! तूही दोन्ही हात वर केलेस. आपण टाळी दिली, पुढे गेलो, आणि दोघी एकदम थांबलो. तू वळलीस. तुझा चेहरा मी विसरणार नाही. "मेघे, मुलं कोणाकडे?"

मग आपण धावलो. एवढं मी कधी धावले नव्हते, पुढेही धावेन असं वाटत नाही. मऊ वाळू, सुरूची मुळं, रस्त्यावरची कुत्री, काही दिसत नव्हतं. डोळ्यांसमोर फक्त बावखल. तू माझ्या खांद्याला खांदा लावून होतीस आणि तोंडाने "येशू, येशू" म्हणत होतीस. मीही "येशू, येशू" म्हणत होते, तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. फाटकात पोचलो तर चौघं ओट्यावर ओळीने बसलेली. जोएलने वाळवणाची अख्खी परडी समोर घेतली होती आणि एकेक सुकेळी वाटत होता. तोंडाला, केसांना, भिंतीला सगळीकडे चिकट. तन्मय म्हणाला, "आई, आज तुम्ही दोघी एकदम आलात?"

तू खाली बसलीस आणि हसायला लागलीस. मी तुझ्या पाठीत धपाटा घातला आणि मग दोघी रडलो. त्या दिवसापासून नियम झाला. "मुलं तुझी" म्हटल्यावर समोरून "माझी" असं उत्तर आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. आपण बरोबर धावलो ते तेवढंच. म्हणजे बघ, मैत्रीत सगळ्यात वेगात धावलो ते पोरांकडे परत जाण्यासाठी.

त्या दिवसानंतर मी सोडून द्यायला निघाले होते. मी म्हणाले, पुरे झालं हे. पोरं मोठी होऊ देत, मग काय धावायचं ते धावू. तू एलूच्या केसांतलं सुकेळं सोडवत होतीस. वर न बघता म्हणालीस, "आई परत येते हे पोरांना कधी कळणार मग? आधी ती जायला नको?" मला राग आला. मी म्हणाले, हे बोलायला ठीक आहे, तुझी पोरं रडत नाहीत, माझा तन्मय दर वेळी रडतो. तू म्हणालीस, "रडू दे ना. तू येतेस ना परत?"

हा वाद आपण तिथून पुढे दर शनिवारी घातला. तू फुल मॅरेथॉन म्हणालीस, मी हाफ पुरे म्हणाले. तू म्हणालीस, बेचाळीस किलोमीटर म्हणजे काय, फार तर एक दिवसाची आई कमी. मी म्हणाले, एक दिवसाची नाही, पाच महिन्यांच्या शनिवारांची. तरी तू माझं नाव भरायला लावलंस. या थंडीत दोघींचे नवरे पोरांना धरून कडेला उभे राहणार होते आणि आपण पहिल्यांदाच ठरवून बरोबर धावणार होतो. त्यावरही भांडण. तुझा वेग जास्त. "शेवटी शेवटी मी तुला सोडून जाईन हं," तू म्हणालीस, "तेव्हा भावनाबिवना काढू नको." मी चिडले होते. मग बरोबर म्हणजे काय गं? तू म्हणालीस, बरोबर म्हणजे एका दिवशी, एका रस्त्यावर. पुढचं पुढे बघू. ते बघायचं राहिलं.

मला तुझा राग येतो, जसिंता. अगदी मनापासून येतो. डाळीला फोडणी देताना येतो, ओवीची वेणी घालताना येतो. आई परत येते म्हणून छातीठोक सांगणारी तू, आणि न आलेलीही तूच. तुझ्या त्या एका वाक्यावर मी माझ्या पोरांना रडत सोडून कितीतरी शनिवारी फाटकाबाहेर पडले. आता मला वाद जिंकल्यासारखं वाटायला हवं. मला तो जिंकायचा नव्हता गं. तू चहाचा कप आपटून "तुला काही कळत नाही मेघे" म्हणावंस, एवढंच मला हवं आहे.

आणि तरी तुझं खरं झालं होतं. तन्मय रडायचा थांबला. कधी ते मला कळलंही नाही. एका शनिवारी मी दमून आले तर तो पतंगाचा मांजा सोडवत होता, म्हणाला, "आई, आलीस पण? अजून एक राउंड मारून ये." त्या दिवशी ओट्याच्या पायरीवर बसून मला केवढं हलकं वाटलं. नळ सोडून रडणारी बाई कुठेतरी त्या सुरूंमध्ये मागे राहिली. तिला तू ओढून बाहेर काढलंस, आणि उपकार वगैरे शब्द काढले असते तर सुकेळं फेकून मारलं असतंस.

तुझा शेवटचा फोन वॉर्डातून आला. आवाज बसलेला, मागे कोणाचं तरी मशीन वाजत होतं. "या शनिवारी तू लांबचं कर, माझं राहू दे. पोरं आजीकडे बसतील." मी म्हणाले, "आधी बरी हो, शनिवारचं मरू दे." असंच म्हणाले. तेवढ्यात नर्स आली आणि तू फोन ठेवलास. शनिवारी मी धावले नाही. नंतरच्याही शनिवारी नाही. वाडीत यायचे ते चपला घालून, कारण माझ्या पायात बूट दिसले तर एलू काय विचारेल याची धास्ती होती.

मिस्साच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी रेमंडला म्हणाले, तिला सांगायला हवं. तो भांड्यांच्या ढिगाशी उभा होता, हातात टॉवेल. "आत्ता नको गं. जरा सेटल होऊ दे तिला." मी म्हणाले, ती सेटल कशी होईल, ती तर वाट बघतेय. तो बराच वेळ तेच ताट पुसत राहिला. "मेघा, मी सहा-सहा महिने जातो आणि परत येतो. तिला घरातली माणसं जाऊन परत येतात एवढंच माहितीये. मी कुठल्या तोंडाने सांगू? मला पुन्हा जायचंय." मग आजी आतून आल्या. "मीच बोलले ते. माझ्याच्याने आता मागे फिरत नाय," म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत ओट्यावर जाऊन बसल्या. जोएल दारात उभा होता. त्याने आम्हा तिघांकडे एकेक करून बघितलं आणि निघून गेला. त्या पोराला घरात एकट्याला खरं धरून बसायला लावलंय आम्ही, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून काल शनिवारी मी बूट घातले. तन्मय आणि ओवीला घेऊन नेहमीसारखी आले. मनाशी ठरवलं होतं, आधी तिच्याजवळ बसायचं आणि सांगून टाकायचं. पण एलूने बूट पाहिले मात्र, तिचा चेहरा उजळला. तिने स्वतः फाटक उघडून धरलं. "मावशी, मम्मीला सांग, आता बस झालं. घरी ये म्हणावं."

ओट्यावरून रेमंड उठून उभा राहिला. मी जायला नको होतं का? मला माहीत नाही. तिथे उभं राहणं जमेना म्हणून मी निघाले. मागून "मुलं माझी," असा बारीक आवाज आला. जोएल होता. त्याने एलूचा हात धरला होता.

ओहोटी होती. वाळू कडक होती, तुला आवडते तशी. पाय जड झाले होते, तीन आठवड्यांत सगळा दम गेलाय. पण खरी गंमत पुढेच. आयुष्यभर मला पोरांना सोडून निघायची भीती वाटली, आणि काल पहिल्यांदा परत फिरायची वाटली. निघताना मी कुणाला तरी आणायला चालले होते. परत फिरलं की एकटीच येणार होते. मी उगाच पुढे पुढे गेले, कोळ्यांच्या होड्यांच्याही पुढे, आणि मग थांबून खूप रडले. समुद्रावर कोणी नव्हतं, म्हणून मोठ्याने रडले. तुला शिव्याही दिल्या.

फाटक तसंच उघडं होतं. एलू तिथेच, जोएल तिच्याजवळ. मी आत आले तर तिने माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या बाजूने वाकून मागच्या रस्त्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मी तिथेच मातीत बसले.

"एलू, मम्मी धावायला नव्हती गेली. तिला ताप आला होता, खूप मोठा. डॉक्टरांनी खूप औषधं दिली, पण ती बरी नाही झाली. मम्मी वारली, बाळा. आता ती येणार नाही."

ती रडली नाही. कपाळाला आठी घालून, अगदी तुझ्यासारखी, माझी चूक पकडल्यासारखी बघत राहिली.

"तू नीट बघितलंस?"

"हो."

"समुद्रावर बघितलंस? झाडांत? होडीच्या पलीकडे पण?"

"तिथे पण बघितलं, एलू."

मग तिचा ओठ हलायला लागला आणि जोएलने तिला जवळ ओढलं. आजी पायऱ्या उतरून आल्या, रेमंड आला, आणि तुझ्या घरातली सगळी माणसं एकदाची एका जागी मिळून रडली.

तिला वाटलं असेल मी समजूत घालतेय. मी खोटं बोलले नव्हते, जसिंता. मी खरंच बघितलं होतं, होड्यांच्या पलीकडे पण.